आधी दारू ठरवा, मग बंदूक

वाचकांचे प्रश्न

या वेळी ठासणीच्या बंदुकीविषयी तीन पत्रं आली आहेत. दोन अमेरिकेतून, एक कुडाळहून. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तसा प्रश्न मला दर शरद ऋतूत कोणी ना कोणी विचारतंच.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, आता ओहायोत कोलंबसजवळ राहतो. ऑफिसातल्या मित्रांमुळे शिकारीची गोडी लागली. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि दोन वर्षं गन सीझनला शॉटगन घेऊन गेलो. आता जानेवारीतल्या मझलोडर, म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या, सीझनला हरणाच्या शिकारीला जायचं आहे. दुकानात गेलो तर डोकं गरगरलं. प्रायमरच्या एका डबीवर 209, दुसरीवर 209ए, तिसरीवर 209एम, आणि पावडरचे पाच प्रकार. मित्र म्हणतात, कुठलीही उचल, सगळ्या सारख्याच. स्कोप धरून सहाशे डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. पहिली इनलाइन, म्हणजे नव्या पद्धतीची ठासणीची बंदूक, कोणती घेऊ आणि तिला कोणता प्रायमर, कोणती पावडर लागेल?

उत्तर : सारख्या नाहीत. मित्र अनुभवी असतील, पण त्यांचं हे बोलणं कानाआड करा.

सावंतवाडी तालुक्यात आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि आजोबा रात्री माळ्यावर जाऊन बसायचे. शिंगातली दारू मापाने नळीत ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं आणि शेवटी निपलवर केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची. मी सात-आठ वर्षांची असताना बंदुकीकडे हात गेला की ते म्हणत, "आदी दारू सुकी आसा काय ता बघ, मगे बंदुकेक हात लाव." आज पेनसिल्व्हेनियात हंटर एज्युकेशनच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवते तेव्हाही मी याच क्रमाने शिकवते. दुकानात लोक आधी बंदूक पसंत करतात, मग तिला साजेलशी पावडर शोधतात. तुम्ही उलट जा. आधी तुमच्या राज्याचा नियम, मग पावडर, मग तिला पेटवणारा प्रायमर, मग त्या दोघांना चालणारा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच, आणि सगळ्यात शेवटी तो प्लग ज्या बंदुकीला बसतो ती बंदूक.

नियमाच्या बाबतीत तुमचं सोपं आहे. ओहायोत इनलाइन चालते, 209 प्रायमर चालतो, स्कोप आणि सॅबोही (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच) चालतात. तरी यंदाची नियमपुस्तिका उघडून स्वतः वाचा. हे सांगते, कारण राज्याची हद्द ओलांडली की सगळं बदलतं. आमच्या पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या सीझनला इनलाइन चालते, पण नाताळनंतरच्या सीझनला फक्त चकमकीची बंदूक, म्हणजे फ्लिंटलॉक. तो सीझन 1974 पासून आहे आणि त्या दिवसांत तुमची नवीकोरी इनलाइन कपाटातच राहते. कोलोरॅडोत मझलोडर सीझनला स्कोप नाही, सॅबो नाही, पेलेट (पावडरच्या दाबून केलेल्या वड्या) नाही. आयडाहोच्या मझलोडर सीझनमध्ये तर 209 प्रायमरच चालत नाही. उद्या एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला पश्चिमेकडे जायचं मनात असेल तर हे आत्ताच लक्षात ठेवा.

आता इनलाइन म्हणजे काय ते थोडक्यात. आजोबांच्या बंदुकीत केप नळीच्या कुशीला, बाजूला असायची. ठिणगी आत शिरून वळायची आणि मग दारूला भेटायची. इनलाइनमध्ये प्रायमर, दारू आणि गोळी एका सरळ रेषेत असतात. प्रायमरचा जाळ वळण न घेता थेट दारूच्या बुडाशी जातो. कल्पना जुनीच होती, पण आजच्या शिकाऱ्यांत ती रुजली मिसूरीच्या टोनी नाइट यांच्या एमके-85 या बंदुकीमुळे. ती 1985 ची. पुढे शॉटगनच्या काडतुसात असतो तोच 209 प्रायमर इनलाइनमध्ये आला, आणि आज दुकानातल्या बहुतेक इनलाइन 209 वरच चालतात.

पावडरकडे येऊ. खरी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती स्फोटक म्हणून गणली जाते, त्यामुळे मोजकी दुकानंच ठेवतात. चकमकीच्या बंदुकीला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. तुम्हाला तिची गरज नाही. तुमच्यासमोर खरे पर्याय तीन: पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन आणि ब्लॅकहॉर्न 209.

पायरोडेक्स स्वस्त आहे. पण तिच्यात परक्लोरेट असतं आणि जळल्यावर मागे क्षार राहतात. ते हवेतलं पाणी ओढतात आणि नळी गंजते. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या गजांचं काय होतं ते आम्ही पाहिलेलं असतं. पायरोडेक्स उडवली की त्याच संध्याकाळी बंदूक धुवायची. उद्यावर टाकायचं नाही, दमून आलात तरी.

ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, वास कमी, आणि साध्या पाण्याने निघते. मात्र ती काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे. काळ्या दारूच्या 100 ग्रेनइतका वेग हवा असेल तर ही सुटी पावडर मापाने साधारण 15 टक्के कमी घ्यायची. तिची दुसरी खोड म्हणजे गोळी बसते त्या जागी नळीत एक कडक कडं जमतं. इकडे त्याला क्रड रिंग म्हणतात. दुसरी गोळी ठासताना गज तिथे अडतो, आणि नवखा माणूस समजतो की गोळी बसली. प्रायमर जितका तिखट, तितकं हे कडं जाड. म्हणूनच विंचेस्टरने ट्रिपल सेव्हनसाठी खास सौम्य 209 प्रायमर काढला. ही पावडर घेतलीत तर तोच घ्या, आणि प्रत्येक बार उडाल्यावर ओलसर कापडाची चकती नळीतून फिरवा, मागून कोरडी.

ब्लॅकहॉर्न 209 महाग आहे, आणि माझी पसंती तिलाच. ती हवेतला ओलावा धरत नाही, न पुसता लागोपाठ बरेच बार काढता येतात, आणि साफ करायला रायफलचं नेहमीचं सॉल्व्हेंट पुरतं. पण ती हट्टी आहे. सौम्य प्रायमरला दाद देत नाही. केपने तर नाहीच. तिला फेडरल 209ए किंवा सीसीआय 209एम असा तिखट प्रायमर हवा आणि जाळ थेट पोचवणारा ब्रीच प्लग हवा. दुकानात पाहिलेल्या 'ए' आणि 'एम' या अक्षरांचा अर्थ एवढाच. डबीवर 209 लिहिलं म्हणजे आतली आग सारखी, असं नसतं.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. 2021 च्या ऑक्टोबरात प्रायमरचा दुष्काळ होता. चार दुकानं पालथी घातल्यावर एका ठिकाणी 209 ची एक डबी मिळाली. सौम्य प्रकारची होती. मला फरक माहीत होता, तरी घेतली. म्हटलं, चालून जाईल. स्टेट गेम लँडच्या, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनीच्या, एका उतारावर सकाळी साडेसातला हरणाची एक मादी साठ यार्डांवर येऊन आडवी उभी राहिली. चाप ओढला. फट् असा बारीक आवाज झाला आणि मग काहीच नाही. मी श्वास सोडला, नळी थोडी खाली आली, आणि त्या क्षणी बार उडाला. गोळी तिच्या पुढच्या पाचोळ्यात घुसली. मादी उड्या मारत निघून गेली. तिला जखम झाली नाही ना, हे पाहायला मी तासभर तो उतार पायाखाली घातला. रक्ताचा एक थेंबही दिसला नाही, तेव्हा कुठे हात थरथरायचे थांबले.

घरी येऊन ब्रीच प्लग काढला. जाळ जातो ती वाट कडक काजळीने अर्धी बुजली होती. एक अष्टमांश इंचाचं ड्रिल बिट बोटांनी फिरवलं तर कोळशाचा काळा भुगा कागदावर पडला. सौम्य प्रायमर आणि बुजलेली वाट, दोन्ही चुका माझ्याच. तेव्हापासून ब्लॅकहॉर्नचे दहा-बारा बार झाले की ते बिट फिरवते. हातानेच, मशीनला लावून कधीही नाही. मशीनने पुढचं बारीक भोक मोठं होतं आणि प्लग वाया जातो.

यातून एक सवय लावून घ्या. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी समोरच रोखून पुरतं एक मिनिट थांबा. मनात साठ मोजा. मगच प्रायमरला हात लावा.

आता बंदूक. पहिल्यासाठी .50 कॅलिबर घ्या. गोळ्या, सॅबो, पेलेट सगळं त्याच मापात सर्वांत सहज मिळतं. नळीतले आटे 28 इंचात एक फेरा घेणारे असावेत, म्हणजे 1:28. सॅबोतली लांबट गोळी त्यात नीट फिरते. 1:66 ची नळी गोल गोळीसाठी असते, ती जुन्या वळणाच्या बंदुकीत शोभते. बंदूक मधून मोडणारी, म्हणजे ब्रेक अ‍ॅक्शन घ्या. उघडली की प्रायमर समोर दिसतो. शिवाय ब्रीच प्लग काढला की नळीच्या या टोकातून त्या टोकातला उजेड दिसतो. साफसफाई नीट झाली की नाही ते डोळ्यांनी कळतं.

तुमच्या पैशांत सीव्हीएची ऑप्टिमा किंवा ट्रॅडिशन्सची परसूट बसेल आणि साध्या स्कोपपुरते पैसे उरतील. सीव्हीएची वुल्फ आणखी स्वस्त आहे. तिची नळी 24 इंचांची, ऑप्टिमाची 26. मी ऑप्टिमाच वापरते. पण कोणतीही घेतलीत तरी पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: या मॉडेलला ब्लॅकहॉर्नचा ब्रीच प्लग मिळतो का? सीव्हीएचा बोटांनी निघणारा प्लग पेलेट आणि ट्रिपल सेव्हनला उत्तम, पण ब्लॅकहॉर्नसाठी कंपनी वेगळा प्लग विकते. तो त्याच दिवशी, बंदुकीबरोबरच घ्या. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर कंपनीला फोन करा. या एका प्रश्नाने तुमचा पहिला सीझन वाचेल.

वापरलेली थॉम्पसन सेंटरची एन्कोर कोणी स्वस्तात देऊ केली तर पहिली म्हणून घेऊ नका. बंदूक फार चांगली आहे, पण तिची नळी बदलून काडतुसंही उडवता येतात, म्हणून कायद्याच्या नजरेत ती साधी ठासणीची बंदूक राहत नाही. मागून बंद कॅप्सूल घालायची फायरस्टिक पद्धतही पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. ती सगळ्या राज्यांत चालत नाही, आणि ठासायला शिकायचं तर ठासूनच शिकावं.

पेलेट की सुटी पावडर, हेही ठरवावं लागेल. पेलेट सोयीच्या. 50 ग्रेनच्या दोन टाकल्या की 100 ग्रेन झाले, माप नको, फनेल नको. बोटं गारठलेली असताना हे सुख मोठं आहे. पायरोडेक्सच्या पेलेटचं एक टोक काळं असतं, ते प्रायमरकडे जायला हवं. ट्रिपल सेव्हनच्या पेलेटला असं टोक नसतं. डबीवर तीन पेलेटची, 150 ग्रेनची जाहिरात असली तरी तुम्ही दोनच टाका. तिसरीने खांदा दुखतो, आणि हरणाला त्याचा काही फरक पडत नाही. सुट्या पावडरचा फायदा हा की 80, 90, 100 असं करत तुमच्या नळीला कोणता बार गोड लागतो ते शोधता येतं. ब्लॅकहॉर्न मी सुटीच घेते.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. माझं निम्मं आयुष्य औषधांच्या प्रयोगशाळेत वजनकाट्यापुढे गेलं, आणि तरीही या वजनाच्या घोळाची मला भीती वाटते. मझलोडरच्या जगात पावडरचा 'ग्रेन' हे वजनाचं नाही, आकारमानाचं माप आहे. नळीसारख्या मापात 100 च्या रेघेपर्यंत पावडर भरली की ते झाले 100 ग्रेन, मग ती काट्यावर काहीही भरो. मापाने 100 ग्रेन ब्लॅकहॉर्न घेतली तर काट्यावर ती साधारण 70 ग्रेनच भरते, म्हणजे साडेचार ग्रॅम. आता कोणी हौसेने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढून त्यावर 100 ग्रेन तोलले तर? मापाने ते 140 च्याही वर जातात, आणि ब्लॅकहॉर्नची कमाल मर्यादा 120 आहे. नळी तुमच्या गालाजवळ असते. पितळी माप विकत घ्या आणि बार मापानेच भरा. काटा वापरायचाच असेल तर पावडर बनवणाऱ्याचा तक्ता समोर ठेवूनच.

आणि रायफलच्या काडतुसात भरायची धूरविरहित पावडर ठासणीच्या नळीत कधीही नाही. चिमूटभरसुद्धा नाही. तिचा दाब तुमची नळी सोसणार नाही. काळा भुगा दिसतो सारखाच, म्हणून पावडर तिच्या मूळ डब्यातच ठेवा. लोणच्याच्या बरणीत काढून ठेवलेली पावडर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

गोळी 250 ग्रेन वजनाची (गोळीचे ग्रेन मात्र वजनाचेच), सॅबोत बसवलेली घ्या. 50 यार्डांवर तीन-तीनचे गट पाडून पाहा, मग 100 वर जा. प्रायमरची डबी एकच कंपनी, एकच प्रकार ठेवा. एका कंपनीचा 209 दुसरीच्या 209 पेक्षा केसभर उंच-बुटका असतो. सैल बसला तर धूर मागे फुटतो आणि स्कोपच्या बुडाशी काजळी धरते. बार उडाल्यावर तिथे बोट फिरवा, काळं झालं तर प्रायमर बदलून पाहा. ब्लॅकहॉर्नचा 10 औंसांचा डबा 100 च्या मापाने साठेक बार देतो. त्यातले निम्मे रेंजवर खर्च करा, त्यात कंजूषपणा नको.

पहिल्या दिवशी रेंजवर गेलात की आधी नळीतलं तेल पुसून काढा. गजाच्या टोकाला कापडाची कोरडी चकती लावून तळापर्यंत घाला, नळी रेंजच्या दिशेने ठेवून नुसता प्रायमर उडवा आणि गज बाहेर काढा. चकतीवर मधोमध जळका काळा ठिपका दिसला तर वाट मोकळी आहे. ठिपका नसेल तर पुढे जाऊ नका. मग दारू मापात घ्या. डब्यातून थेट नळीत कधी ओतू नका, आत विस्तवाचा कण राहिला असेल तर अख्खा डबा हातात पेटेल. गोळी ठासा. गज थांबला की नळीच्या तोंडाशी त्यावर कायम शाईच्या पेनने रेघ मारा. ती भरलेल्या नळीची रेघ. रिकाम्या नळीची आधीच मारून ठेवलेली असेल. या दोन रेघा म्हणजे तुमचा विमा. गोळी पुरती बसली नाही किंवा चुकून दुसऱ्यांदा बार भरला, तर रेघ वर राहते आणि लगेच कळतं. प्रायमर सगळ्यात शेवटी, आणि तोही चाप ओढायच्या जागी जाऊन बसल्यावर.

ओहायोचा जानेवारी म्हणजे कडाका. दिवसभर गारठलेली बंदूक संध्याकाळी उबदार घरात आणली की नळीच्या आतबाहेर दंव धरतं. चार दिवसांचा सीझन आहे, तेव्हा पहिल्या दिवशी बार उडाला नसेल तर प्रायमर काढून बंदूक थंड जागी, कुलपात ठेवा. सकाळी ब्रीच प्लग काढून जुना बार मागून बाहेर ढकला आणि नवा भरा. इनलाइनची ही सोय आजोबांना मिळाली असती तर किती दारू वाचली असती, असं दर वेळी वाटतं. त्यांना बार काढायचा तर उडवावाच लागे.

प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस न विसरता लावा. पहिल्या वर्षी मी विसरले. सीझन संपल्यावर प्लग निघेना आणि शेवटी बंदूक कारागिराकडे न्यावी लागली.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-1बी व्हिसावर आहे. ठासणीची बंदूक केंद्राच्या कायद्यात 'फायरआर्म' धरत नाहीत, म्हणून आम्हालाही ती बिनधास्त घेता येते, असं मित्राने सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर व्हिसा पणाला लावू नका. केंद्राच्या कायद्यात फक्त काळी दारू किंवा तिचा पर्याय वापरणारी आणि काडतूस न चालणारी ठासणीची बंदूक फायरआर्मच्या व्याख्येबाहेर राहते. पण त्याच कायद्यात 'अ‍ॅम्युनिशन'च्या व्याख्येत प्रायमरचं नाव आहे, आणि 209 मुळात शॉटगनचाच. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फायरआर्म आणि अ‍ॅम्युनिशन दोन्ही बाळगायला मनाई आहे. तिला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे आधी कोर्स, मग परवाना, तो खिशात आल्यावर खरेदी. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वर न्यू जर्सीचा कायदा केंद्रापेक्षा कडक आहे. तिथे ठासणीच्या रायफललाही खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं, आणि शिकारीला नेताना वेगळी रायफल परमिट. ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर दोनशे डॉलर वकिलाला द्या आणि लेखी उत्तर घ्या. मी शिकारीची शिक्षिका आहे, वकील नाही.

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमच्या घरी वडिलांच्या नावावर शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. वडील मागच्या वर्षी वारले. धाकटा भाऊ टेक्ससहून मे महिन्यात येणार आहे. त्याने येताना 209 प्रायमर आणले आणि इथल्या मिस्त्रीकडून बंदूक इनलाइन करून घेतली तर पावसाळ्यात केप भिजायचा त्रास संपेल. जमेल का?

उत्तर : भाऊ, नाही. एकही गोष्ट करू नका.

प्रायमर, केप आणि दारू अमेरिकेतल्या विमानात ना हातातल्या बॅगेत चालते, ना सामानात. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि तो माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील गेल्यावर ती बंदूक घरात ठेवायचा अधिकार तुम्हाला आपोआप मिळत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा. वर्ष होत आलं आहे, आता या आठवड्यातच ठाण्यात जा. परवान्यावर नोंद असलेल्या बंदुकीची रचना बदलणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसेल. शिवाय ती नळी जुन्या दारूच्या दाबासाठी घडवलेली आहे. मागून भोक पाडून आटे पाडले तर ती तुमच्या तोंडाशी फुटेल.

एक काळजी मात्र मला तुमचं पत्र वाचल्यापासून लागून राहिली आहे. वडील आजारी पडण्याआधी त्यांनी बार भरून ठेवला होता का, हे तुम्हाला माहीत आहे? कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेटते. भिंतीवर टांगलेली बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. घोडा उचलू नका, निपलला काही लावू नका, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. ठाण्यात फोन करून सांगा की बंदूक भरलेली असण्याची शक्यता आहे, आणि ती न्यायला त्यांनाच माणूस पाठवायला सांगा. विक्रेत्याकडचा कारागीर गज नळीत सोडून खूण करेल आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहील. खूण नळीच्या तोंडाशी असताना गजाचं टोक केपच्या जागेपासून चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे. तो त्यालाच काढू द्या.